पसरणीच्या घाटातले दोन आकडे आणि ॲप निवडण्याचा प्रश्न

साताऱ्याच्या एका सायकलस्वारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय पंचेचाळीस, वर्षभरापूर्वी त्यांनी गिअरची हायब्रिड सायकल घेतली, रोज सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर होतात आणि रविवारी त्याहून मोठी राइड होते. फोन अँड्रॉइडचा असून तीन वर्षे वापरातला आहे. वाई ते पाचगणी हा पसरणीच्या घाटाचा रस्ता त्यांनी दोन ॲप्सवर एकाच वेळी नोंदवला, तेव्हा अंतर जवळपास सारखे आले, पण एकूण चढ एका ॲपने ५९० मीटर दाखवला आणि दुसऱ्याने ८४०. आणखी एका राइडची नोंद अर्ध्यातच थांबली आणि ते घरी पोहोचल्यावर लक्षात आले. हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करण्याचा त्यांचा विचार आहे, आपण कुठे आहोत हे घरच्यांना कळावे अशी इच्छा आहे आणि शक्यतो पैसे भरायचे नाहीत. तर सर्वांत चांगले ॲप कोणते?

मी चौदा-पंधरा वर्षे सायकल चालवतो आहे, अनेक बीआरएम केल्या आहेत आणि आमच्या गटातल्या नवख्यांच्या हरवलेल्या, तुटलेल्या, वेड्यावाकड्या नोंदी सोडवून देण्याचे काम कसे कोण जाणे माझ्याकडेच आले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपल्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. नोंद मध्येच थांबणे हा बहुतेक वेळा फोनचा प्रश्न असतो, चढाचे आकडे न जुळणे हा उंची मोजण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे, आणि ॲपची निवड हा खरा प्रश्न त्यानंतर उरतो. पहिले दोन न सोडवता आपण ॲप बदलत राहिलात, तर प्रत्येक नव्या ॲपबद्दल तीच तक्रार कराल.

नोंद थांबण्यापासून सुरुवात करू, कारण बीआरएमच्या दिवशी हीच गोष्ट सर्वांत महागात पडते. स्क्रीन बंद झाली, की पाठीमागे चालू असलेली कामे थांबवून बॅटरी वाचवावी असे अनेक अँड्रॉइड फोनांना शिकवलेले असते. आपण दोन तास गाणी ऐकत नाही, कोणाला फोन करत नाही, फोन खिशात गप्प पडून असतो. त्याला वाटते की हे ॲप उगाच जागे आहे, आणि तो ते बंद करतो. माझ्या एका जुन्या फोनने ताम्हिणीच्या राइडमध्ये हेच केले होते. मुळशीपर्यंतची रेघ व्यवस्थित होती, पुढे काहीच नव्हते. मी तेव्हा चार दिवस ॲपला दोष देत होतो.

उपाय सोपा आहे, पण तो दोन-तीन ठिकाणी जाऊन करावा लागतो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जावे, तिथे बॅटरीच्या पर्यायात "निर्बंध नाहीत" किंवा "अनरिस्ट्रिक्टेड" असे जे काही लिहिले असेल ते निवडावे, आणि ऑटोस्टार्टचा वेगळा पर्याय असल्यास तोही चालू करावा. लोकेशनची परवानगी देताना "अचूक ठिकाण" चालू ठेवावे आणि "नेहमी" असा पर्याय मिळत असेल तर तो द्यावा. बॅटरी सेव्हर राइडच्या वेळी बंद असावा. कित्येक जण चार्ज कमी झाला म्हणून तो वाटेत चालू करतात आणि तिथपासून नोंदीत सरळ रेघा दिसू लागतात. फोनची प्रणाली अद्ययावत झाली, की ही सेटिंग्ज कधीकधी मूळपदावर जातात, म्हणून मोठ्या राइडच्या आदल्या दिवशी मी ती पुन्हा पाहतो. नोंद चालू असताना वरच्या पट्टीत त्या ॲपची सूचना कायम दिसत राहते. चहाला थांबल्यावर ती आहे ना, एवढे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

इथे एक गैरसमज दूर करतो. फोनला जागा कळण्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही. जीपीएसचे संदेश उपग्रहांकडून येतात आणि फोन ते फक्त ऐकतो. इंटरनेटमुळे सुरुवातीला उपग्रह लवकर सापडतात, इतकाच त्याचा उपयोग. त्यामुळे घाटात रेंज गेली तरी नोंद सुरू राहते, आणि बॅटरी वाचवायची असेल तर विमान मोडमध्येही ती होते. मात्र निघताना मोकळ्या आकाशाखाली अर्धा-एक मिनिट थांबून मगच "स्टार्ट" दाबावे. जिन्यातच बटण दाबून निघणाऱ्यांच्या राइडची पहिली पाचशे मीटरची रेघ शेजाऱ्यांच्या घरांतून जाते.

आता पसरणीचा घाट. आपले दोन आकडे वाचून मला आनंद झाला, कारण या घाटात ताळा करणे सोपे आहे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७१८ मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे १,२९३ मीटरवर. रस्ता जवळपास सलग चढतो, मध्ये मोठे उतार नाहीत. म्हणजे निव्वळ फरक ५७५ मीटरच्या आसपास, आणि लहानसहान चढउतार धरले तरी एकूण चढ सहाशेच्या फार पुढे जाऊ नये. आपल्या ५९०च्या आकड्यावर विश्वास ठेवा. ८४० चुकीचे आहे.

पण ते चुकले कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. जीपीएस आडव्या दिशेने जेवढे बरे सांगते, तेवढे उभ्या दिशेने सांगत नाही. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची जागा पाचएक मीटरच्या आत बरोबर येते, उंची मात्र त्याहून बरीच डगमगते. आणि प्रत्येक सेकंदाला दोन मीटर वर, दोन मीटर खाली असे होत राहिले आणि ॲपने ती प्रत्येक वाढ बेरजेत घेतली, तर सपाट रस्त्यावरही डोंगर उभा राहतो. म्हणून काही ॲप्स फोनची उंची बाजूला ठेवतात आणि आपण ज्या ठिकाणाहून गेलो, तिथली उंची जमिनीच्या तयार नकाशावरून वाचतात. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अंतराळयानाने रडारने जगाच्या मोठ्या भूभागाची उंची मोजली, त्या मोजणीतून तयार झालेली जाळी अशा नकाशांमध्ये आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिची एक चौकट साधारण तीस मीटरची. सपाट प्रदेशात हे उत्तम चालते. घाटाचा रस्ता मात्र डोंगराच्या कुशीत कोरलेला असतो: एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी. आपली नोंदलेली जागा दहा मीटर इकडे सरकली तर नकाशा आपल्याला कड्यावर चढवतो, तिकडे सरकली तर दरीत उतरवतो, आणि प्रत्येक वळणावर हा खेळ चालला की दोनशे-अडीचशे मीटरचा फुकटचा चढ पदरात पडतो. लोक तो आनंदाने मिरवतात, ही गोष्ट वेगळी.

तिसरी पद्धत हवेच्या दाबावरून उंची काढण्याची. काही फोनांमध्ये वायुदाबमापक असतो आणि बऱ्याचशा महागड्या सायकल कॉम्प्युटरमध्येही असतो. सखल भागात दर आठ-सव्वाआठ मीटर चढल्यावर दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने कमी होतो, त्यामुळे लहान चढउतार तो फार छान पकडतो. त्याची खोड एवढीच, की हवामान बदलले की दाबही बदलतो. पावसाळ्यात ढग भरून आले, तर सकाळी घरून निघून घरीच परतलेल्या माणसाच्या नोंदीत घराची उंची वीस-तीस मीटरने बदललेली दिसते. आपल्या फोनमध्ये हा मापक आहे का, हे फोनच्या तपशिलात "बॅरोमीटर" शोधून पाहावे. असल्यास तो वापरणारे ॲप निवडण्यात अर्थ आहे. नसल्यास चढाच्या आकड्यांवरून दोन ॲप्सची तुलना करू नये.

अंतर आणि वेग यांबाबत एवढा घोळ नसतो, मात्र एक सापळा आहे आणि बीआरएमसाठी तो नीट समजलाच पाहिजे. बहुतेक ॲप्समध्ये "ऑटो पॉज" असतो: आपण थांबलो की घड्याळ थांबते. त्यामुळे सरासरी वेग दिसतो तो केवळ चाके फिरत असतानाचा. बीआरएमचे घड्याळ कुणासाठी थांबत नाही. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा, जेवण, पंक्चर, रेल्वे फाटक हे सगळे धरून ताशी १५ च्या जरा आतबाहेर वेग हवा. ॲप आपल्याला ताशी २० दाखवत असेल तर चाके दहा तास फिरणार आणि थांबण्यासाठी साडेतीन तास उरणार. हे साडेतीन तास पहिल्याच बीआरएममध्ये कसे उडून जातात, ते मी स्वतः पाहिले आहे. म्हणून सरावातच एकूण लागलेला वेळ दाखवणारा आकडा स्क्रीनवर ठेवावा आणि ऑटो पॉज बंद करावा. रोजच्या व्यायामाच्या राइडला तो चालू असला तरी बिघडत नाही.

एवढे झाल्यावर ॲप. इथे मात्र "अवलंबून आहे" हेच प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते आपण ही नोंद कोणासाठी ठेवता यावर अवलंबून आहे.

नोंद मित्रमंडळींसाठी असेल, म्हणजे गटातल्या इतरांनी पाहावी, शाबासकी द्यावी, एखाद्या चढावर आपली आपल्याशीच किंवा इतरांशी शर्यत लागावी असे वाटत असेल, तर स्ट्राव्हा घ्यावे. त्याचे मुख्य कारण असे, की आपल्या ओळखीचे सायकलस्वार बहुधा तिथेच आहेत, आणि असे ॲप निवडताना गाव कुठे वसले आहे हेच पाहावे लागते. मोफत खात्यात राइडची नोंद आणि इतिहास मिळतो. चढांच्या ठरावीक टप्प्यांवरची पूर्ण क्रमवारी आणि स्वतः मार्ग आखण्याची सोय मात्र २०२० पासून पैसे भरणाऱ्यांसाठी राखीव आहे. सुरुवातीच्या दोन वर्षांत आपल्याला त्यांची उणीव भासेल असे मला वाटत नाही. या क्रमवारीच्या नादाने घाटाच्या उतारावर जोरात सायकल सोडणारे लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे माझ्या लेखी ती नसणे ही थोडी सोयच आहे.

नोंदीपेक्षा वाट सापडणे महत्त्वाचे असेल तर उत्तर बदलते. लांबच्या राइडचे मार्ग आखणारे आणि वाटणारे अनेक लोक राइड विथ जीपीएस वापरतात, कारण त्यात वळणावळणाची यादी चांगली तयार होते. कोमूट बोलून वळणे सांगते. पूर्णपणे रेंजशिवाय नकाशा हवा असेल तर ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स यांत महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवता येतो. हे दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात, आणि तो नकाशा स्वयंसेवकांनी भरलेला असल्यामुळे जिथे कोणी मन लावून काम केले आहे तिथे तो अप्रतिम आहे, तर काही ठिकाणी डांबरी रस्ता म्हणून दाखवलेली वाट प्रत्यक्षात उसाच्या फडातून जाणारी पाणंद निघते. अनोळखी गावरस्ता घेण्याआधी उपग्रहचित्र एकदा पाहून घ्यावे. बीआरएमचा मार्ग आयोजक देतात; तो जीपीएक्स फाइलच्या (बहुतेक ॲप्सना वाचता येणाऱ्या मार्गाच्या फाइलच्या) रूपात मिळवून आधीच फोनमध्ये उघडून पाहावा. पूर्णतेचा पुरावा म्हणून ते काय ग्राह्य धरतात, म्हणजे कार्डावरची सही, पावती, छायाचित्र की ॲपची नोंद, हे नावनोंदणीच्या वेळीच विचारावे, कारण त्यावरून आपली ॲपची निवड परस्पर ठरू शकते.

आणि नोंद केवळ स्वतःसाठी असेल, कोणाला दाखवायची नसेल, तर ओपनट्रॅक्स पाहावे. ते अँड्रॉइडवर मोफत मिळते, खाते उघडायला लावत नाही आणि इंटरनेटची परवानगीसुद्धा मागत नाही. सगळे आपल्या फोनमध्येच राहते. दिसायला साधे आहे. मी मोठ्या राइडला ते दुसरी नोंद म्हणून चालू ठेवतो. दोन्ही ॲप्स फोनच्या एकाच जीपीएसकडून जागा घेतात, त्यामुळे जास्तीचा चार्ज फारसा जात नाही, आणि एक नोंद बिघडली तर दुसरी हाताशी असते. फक्त घरी आल्यावर दोघांचे आकडे शेजारी ठेवून बसू नये.

कोणतेही ॲप घेतले तरी आपली नोंद जीपीएक्स फाइलच्या रूपात बाहेर काढता येते का, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहावे. हा सल्ला कोरडा वाटेल, पण ॲप्स मरतात. गूगलचे माय ट्रॅक्स एप्रिल २०१६ मध्ये बंद झाले. एन्डोमोन्डो हे एके काळी सायकलस्वारांचे लाडके ॲप होते, मोठ्या कंपनीने ते विकत घेतले होते, आणि तरीही २०२० च्या अखेरीस ते बंद झाले. ज्यांनी वेळेत फाइली काढून घेतल्या त्यांची वर्षे वाचली. मी दर डिसेंबरात वर्षभराच्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकतो. अर्धा तास लागतो.

घरच्यांना ठिकाण कळवण्यासाठी वेगळ्या ॲपची गरज नाही. स्ट्राव्हामध्ये बीकन नावाची सोय आहे, जी फोनवर मोफत आहे आणि निवडलेल्या व्यक्तींना एक दुवा पाठवते. त्याहून सोपे म्हणजे व्हॉट्सॲपचे लाइव्ह लोकेशन, कारण घरच्यांना नवे काही शिकावे लागत नाही. ते एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालते, तेव्हा साडेतेरा तासांच्या राइडमध्ये ते वाटेत एकदा पुन्हा सुरू करावे लागेल. दुपारच्या जेवणाशी त्याची सांगड घालावी. नोंद रेंजशिवाय होते, पण ठिकाण पाठवायला रेंज लागतेच, हा फरक घरी नीट समजावून सांगा. नकाशावरचा ठिपका घाटात तासभर हलला नाही म्हणजे काही बरेवाईट झाले असे नव्हे. हे न सांगता निघालात, तर घाट उतरताच वीस मिस्ड कॉल दिसतील. अर्थात विमान मोड आणि लाइव्ह लोकेशन एकत्र चालणार नाहीत. बॅटरी की घरच्यांची शांती, यांत मी दुसरी निवडतो आणि पॉवर बँक सोबत ठेवतो.

खाते उघडल्यावर पहिल्याच दिवशी राइडची सुरुवात आणि शेवट लपवण्याचे सेटिंग करावे. रोज पहाटे साडेपाचला एकाच दारातून निघणाऱ्या आणि महागडी सायकल चालवणाऱ्या माणसाचा पत्ता जगाला सांगण्याची गरज नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावरून निर्जन भागांतील लष्करी तळांवर धावणाऱ्यांच्या वाटा उजळलेल्या दिसल्या आणि मोठा गदारोळ झाला होता. त्या नकाशात कोणाचे नाव नव्हते, तरी वाटाच पुरेसे सांगून गेल्या.

फोन कुठे ठेवायचा, हेही ॲपइतकेच महत्त्वाचे आहे. फक्त नोंद करायची असेल तर स्क्रीन बंद करून जर्सीच्या मागच्या खिशात, झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवावा. बॅटरी खाते ती मुख्यतः स्क्रीन. ती सतत चालू ठेवून हँडलवर नकाशा पाहत गेलात, तर तीन वर्षांच्या बॅटरीवर २०० किलोमीटर होणे अवघड आहे. हँडलवरच्या फोनला पावसाचे थेंब बोटासारखे वाटतात आणि ते परस्पर "पॉज" दाबतात. शिवाय कंपनांनी कॅमेऱ्याचे नुकसान होऊ शकते. ॲपलने २०२१ मध्ये मोटारसायकलच्या कंपनांबाबत तशी सूचना दिली होती. सायकलची कंपने त्या प्रकारची नसतात, पण आपल्याकडचे काही रस्ते पाहता मी महागडा फोन हँडलला लावत नाही.

तर आपल्यासाठी, आपण सांगितलेल्या परिस्थितीत, माझी शिफारस अशी: रोजच्यासाठी स्ट्राव्हाचे मोफत खाते, बीआरएमच्या दिवशी जोडीला ओपनट्रॅक्स, मार्गासाठी ऑस्मअँडमध्ये आयोजकांची फाइल, आणि घरच्यांसाठी व्हॉट्सॲप. पैसे भरण्याचा विचार पहिल्या मोसमानंतर करावा. आपले बहुतेक मित्र वेगळ्याच ॲपवर असतील, तर स्ट्राव्हाच्या जागी ते घ्यायला माझी हरकत नाही.

हे पक्के करण्याआधी एक चाचणी घ्या. वर सांगितलेली सेटिंग्ज करून एका रविवारी पुन्हा वाईहून पाचगणीला जा, स्क्रीन पूर्ण वेळ बंद ठेवा, ऑटो पॉजही बंद ठेवा, आणि वाटेत मुद्दाम पंधरा मिनिटे एखाद्या टपरीवर थांबा. वर पोहोचल्यावर रेघ कुठे तुटली आहे का ते पाहा, एकूण वेळेत ती पंधरा मिनिटे धरली आहेत का ते पाहा, बॅटरी किती टक्के उतरली ते लिहून ठेवा आणि एकूण लागलेल्या वेळेच्या हिशेबाने साडेतेरा तासांसाठी किती लागेल याचे गणित करा. रेघ तरीही तुटली, तर फोनचे मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती कळवा. बॅटरीचे ते सेटिंग प्रत्येक कंपनीने वेगळ्या कोपऱ्यात दडवलेले असते, ते शोधू.